भावांची तार

आईवडील सहा महिन्यांच्या अंतराने गेले, तेव्हा वेर्नर सीमेन्स जेमतेम तेवीस वर्षांचा होता. प्रशियाच्या तोफखान्यात अधिकारी, पगार बेताचा आणि पाठीवर भावंडांचा लांबलचक कबिला. १८४३ साली धाकटा विल्यम थोरल्याचा विजेने मुलामा देण्याचा शोध घेऊन इंग्लंडला गेला, तो विकला आणि त्या पैशांतून घर चाललं. पुढचा सगळा धंदा या हातभारातूनच उभा राहिला, असं मला वाटतं.

विल्यमनेच लंडनहून गटापर्चाचा नमुना धाडला. मलायातल्या झाडाचा हा चीक गरम केला की मऊ होतो, निवला की घट्ट बसतो आणि खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. वेर्नरने दाबयंत्र करून तांब्याच्या तारेवर त्याचं बिनसांध्याचं वेष्टण चढवलं. सांधा राहिला तर तिथूनच समुद्र आत शिरणार. १८४७ मध्ये हाल्स्के या कसबी कारागिराच्या भागीदारीत बर्लिनला कारखाना निघाला.

समुद्राने मात्र त्यांना सुखासुखी काही दिलं नाही. १८५९ साली तांबड्या समुद्रात तार टाकून परतताना वेर्नरची बोट पोवळ्याच्या खडकावर आदळली. उतारूंनी रणरणत्या उन्हात त्या उघड्या खडकावर दिवस काढले. पुढे स्पेन आणि अल्जीरियाच्या मधली तार पुन्हा पुन्हा तुटली, पैसा अक्षरशः पाण्यात गेला. हाल्स्के म्हणाला, पुरे. त्याला मी भित्रा म्हणणार नाही. हातातली वस्तू निर्दोष करणाऱ्या माणसाने न दिसणाऱ्या तळावर सर्वस्व का लावावं? १८६५ पासून लंडनची पेढी 'सीमेन्स ब्रदर्स' झाली: जोखीम भावांनी आपसांत वाटून घेतली. १८७० मध्ये त्यांच्याच तारमार्गाने लंडनचा संदेश अर्ध्या तासाच्या आत कलकत्त्याला पोचला.

मग 'फॅरेडे' आली, खास तारा टाकण्यासाठी बांधलेली बोट. १८७४ च्या उन्हाळ्यात ती अमेरिकेची तार टाकायला निघाली. कामाची सूत्रं धाकट्या भावाकडे, कार्लकडे होती. इकडे बर्लिनच्या विज्ञान अकादमीत वेर्नर पहिलं भाषण करायला उभा राहणार, तोच तार आली: 'फॅरेडे' हिमनगांत चिरडून सगळ्या माणसांसह बुडाली. भाषण पुढे ढकलता येत नव्हतं. जवळच्या दोनचार मित्रांखेरीज कुणाला काही कळू न देता त्याने ते पुरं केलं. बातमी खोटी निघाली. पण त्या अर्ध्यापाऊण तासात तो सभागृहात कसा उभा राहिला असेल, हे मनातून जात नाही.

हाल्स्के १८६७ अखेर भागीदारीतून बाहेर पडला. आपलं भांडवल मात्र त्याने कर्जरूपाने तिथेच राहू दिलं, मैत्री तुटली नाही आणि बर्लिनच्या कंपनीने 'सीमेन्स आणि हाल्स्के' हे नाव १९६६ पर्यंत चालवलं.