मोडलेला स्टड

पेण-वडखळकडून येणारी गाडी नागोठणं ओलांडून सुकेळीच्या खिंडीत चढाला लागते, तेव्हा इंजिनावर खरा भार येतो. खिंड उतरली की खांब गाव, तिथं आमचं गॅरेज. आमच्याकडे महामार्गाच्या कडेला गाडी लावून ड्रायव्हर बॉनेट उघडतो आणि म्हणतो, "चढाला टकटक येतेय, दादा. टॅपेट बघा जरा." बऱ्याचदा टॅपेट ठीक असतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणारी नळी, सिलिंडर हेडला आवळून धरणारा टोकाचा स्टड मोडलेला असतो, त्याच्याजवळची गॅस्केट जळलेली असते आणि हेडवर काजळीची एक काळी रेघ फुटलेली दिसते. ती रेघ म्हणजे निदान. थंड इंजिनाला आवाज जास्त, गरम झाल्यावर कमी, कारण तापलेलं मॅनिफोल्ड फुगून फट थोडीफार बुजवतं. म्हणून मी गाडी गार झाल्यावर पुन्हा सुरू करायला लावतो.

टोकाचाच स्टड का मोडतो, याचं उत्तर साध्या गणितात आहे. मॅनिफोल्ड बिडाचं, हेड बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं. अर्धा मीटर लांबीचं बीड पाचशे अंशांनी तापलं, तर ते जवळपास पावणेतीन मिलिमीटर वाढतं. हेडमधून पाणी खेळतं, त्यामुळे ते शंभर अंशांच्या आसपास राहतं आणि मिलिमीटरभरही वाढत नाही. मधले स्टड जागेवर राहतात, टोकाच्यांना मात्र मॅनिफोल्ड बाहेरच्या बाजूला ढकलतं आणि गार होताना परत ओढतं. दर वेळी गाडी तापते आणि निवते, तेव्हा हे घडतं. म्हणूनच बऱ्याच मॅनिफोल्डची टोकाची भोकं मुद्दाम मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात. मॅनिफोल्डला सरकायला जागा हवी असते. पान्याला पाइप लावून जो ते आवळतो, तो ही जागाच मारून टाकतो.

त्यात आमचा मुलूख. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. लाल तापलेल्या बिडावर खड्ड्यातलं पाणी उडतं आणि आट्यांमध्ये गंज बसतो. आमच्या महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, आणि पुढे कितीतरी पावसाळे गाड्या खड्ड्यांतून आणि वळणरस्त्यांवरून आदळत गेल्या. इंजिनाचं माउंटिंग बसलं किंवा सायलेन्सरचा रबरी हँगर तुटला, की सगळ्या पाइपाचं वजन मॅनिफोल्डला लोंबकळतं. अशा गाडीला नवा स्टड घालून पाठवणं म्हणजे तो पुन्हा मोडायला पाठवणं. मी आधी गाडीखाली जातो, पाइप हातानं हलवून बघतो, मग वर येतो.

आता खरं काम. लोक समजतात, मोडलेला स्टड काढणं हीच कसोटी. माझ्या मते कसोटी त्याच्या शेजारच्या शाबूत स्टडची आहे. गाडी येते तेव्हा एक मोडलेला असतो. घाई केली तर चार होतात. नटवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवता आलं तर उत्तम. नाहीतर नट गॅसनं तापवायचा, स्टड नव्हे. नट फुगला की त्याची पकड ढिली होते. मग रिंग पाना लावून हळूच जोर द्यायचा, आणि इथं हाताला दोन वेगळ्या गोष्टी कळतात. सुटणारा नट 'कट्' करून एकदम सुटतो आणि त्यानंतर पाना हलका होतो. पिळला जाणारा स्टड मात्र आवाज करत नाही. पाना मऊ फिरतो, पण हलका होत नाही. तो मऊपणा जाणवला त्या क्षणी थांबायचं, पाव फेरा मागं यायचं, तेल, पुन्हा उष्णता, पुन्हा पुढं. नट येता येता अडकू लागला तर तो करवतीनं उभा चिरून छिन्नीनं फोडतो. नट स्वस्त आहे. बोल्टऐवजी स्टड वापरायचं कारणही तेच: झीज नटानं सोसायची, हेडच्या आट्यांनी नाही. हवेच्या गननं हे नट खोलणाऱ्याला हातातलं हे सगळं कळतच नाही. या जागी गनला काम नाही, असं माझं ठाम मत आहे.

मोडलेल्याचा थोडा जरी भाग वर असेल, तर व्हाईस ग्रिपशी झटापट न करता वेल्डिंग. बॅटरीची अर्थ आणि कंट्रोल युनिटचे कनेक्टर आधी काढायचे. तुकड्यावर एक नट ठेवायचा, आतून मिग वेल्डिंगनं भरायचा. ॲल्युमिनियमला पोलादाचं वेल्डिंग चिकटत नाही, त्यामुळे तुकडा पृष्ठभागाच्या थोडा आत असला तरी थेंबाथेंबानं त्याला वर आणता येतं. बिडाच्या हेडात ही मुभा नाही. तिथं कड पकडली जाते. खरी मदत वेल्डिंगच्या पकडीपेक्षा उष्णतेची होते. स्टड आतून फुगतो, गंज चिरडतो, आणि निवताना आकसून मोकळा होतो. लाली गेली, की मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत उतरतं. मग पुढं-मागं, पुढं-मागं. नट तुटून आला तर दुसरा लावायचा. इथं चिकाटी लागते, ताकद नाही.

पार आत मोडला असेल तर ड्रिल. आणि ड्रिल म्हणजे मध्यबिंदू. तिरकं भोक पडलं तर बिट कठीण पोलाद सोडून मऊ ॲल्युमिनियमकडे पळतं, आणि आटे गेले. मी मॅनिफोल्डच परत चढवतो आणि त्याच्या भोकात लेथवर कातलेली बुशिंग घालतो. तिच्यातून बारीक बिट सरळच जातं. बिटवर चिकटपट्टीची खूण हवी, कारण काही हेडांत मागं पाण्याची वाट असते. एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये कापड कोंबलेलं हवं. आठ मिलिमीटर, सव्वा पिचच्या स्टडला ६.८ चा शेवटचा बिट. त्यानंतर उरलेलं आट्यांचं कवच टॅपनं निघतं. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, किंवा हेडकडे दहाचा आणि नटकडे आठचा असा कातून घेतलेला स्टेप स्टड. इझी आऊट, म्हणजे मोडक्या स्टडमध्ये उलटं पिळून तो काढायचं हत्यार, मी इथं वापरत नाही. ती काचेसारखी कडक असते. गंजलेल्या स्टडमध्ये ती मोडली, की साधं ड्रिल तिच्यावर चालत नाही आणि हेड उतरवावं लागतं.

गणपतीच्या आधी पेण-हमरापूरच्या मूर्ती घेऊन टेम्पो दक्षिणेला जातात. असा टेम्पो थांबला की ड्रायव्हर म्हणतो, "काका, तात्पुरतं करा, पुढं बघू." त्याची घाई मला समजते. पण गॅस्केटच्या फटीतून निघणारी धुराची धग जवळची वायर आणि पाइप जाळते, म्हणून इंजिन निवेपर्यंत त्याला चहा पाजतो आणि काम पुरं करतो.

मॅनिफोल्ड परत बसवताना नवी गॅस्केट, नवे नट, कॉपर ग्रीस. मॅनिफोल्डचं तोंड सरळ पट्टीनं तपासायचं. वाकलं असेल तर घासून घ्यायचं. मधून सुरुवात करून टोकांकडे, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं आवळायचं. आठच्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर पुरे. पण त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात जे लिहिलंय तेच खरं.

गाडीमालकांना एवढंच सांगणं आहे. सकाळी थंड इंजिनात टिकटिक येत असेल आणि दोन-चार किलोमीटरनंतर ती जात असेल, तर गाडी बरी झाली असं समजू नका. त्या फटीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि पावसात काचा बंद करून तुम्ही मुलाबाळांसह त्याच गाडीत बसता. पावसाळ्याआधी गाडी दाखवा, आणि मेकॅनिकला एक दिवस द्या.