कोरल नसलेला रीफ टँक

दिवाळीनंतर पडवीत बसवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा फोटो टाकला आणि गेले दोन महिने माझ्या इनबॉक्समध्ये राजकारणापेक्षा माशांवरच जास्त प्रश्न येतायत. किती खर्च आला, मासे कुठून आणले, आणि सगळ्यात जास्त वेळा, "भाऊ, रीफ टँक म्हणता, मग कोरल कुठाय?" एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. लांबलंय, आधीच सांगून ठेवतो.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबाने 191 लिटर. दगड-वाळू घातल्यावर आणि वरची चार बोटं सोडल्यावर पाणी साधारण 160 लिटर. काच, स्टँड, पाणी धरून वजन सव्वादोनशे किलोंच्या वर जातं, म्हणून माडीवर नको, खाली कोब्यावरच ठेवली. गोड्या पाण्याचे मासे मी आधी पाळलेत. गप्पी मरता मरत नाहीत. हे प्रकरण वेगळं आहे.

पहिलं म्हणजे पाणी. आमच्या गावातून मालवण तासाभरावर. शेजारच्या आजींनी मिठाची बादली बघितली आणि म्हणाल्या, "दर्यो दारात आसताना मीठ इकत कित्याक हाडतंस रे?" प्रश्न बरोबर आहे. थंडीत, खाडीच्या तोंडापासून लांब, स्वच्छ पाणी मिळालं तर तेही चालतं. पण पावसाळ्यात गड नदी आणि कर्लीचं गोडं, गढूळ पाणी किनाऱ्याला मिळतं, खारटपणा खाली येतो, आणि टाकीला बाराही महिने एकसारखं पाणी लागतं. म्हणून विकतचं मीठ. लिटरला साधारण 35 ग्रॅम खारटपणा हवा. हे साधं मीठ नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि समुद्रातले बाकीचे क्षारही असतात. ते कालवायचं पाणीही जवळपास शून्य टीडीएसचं लागतं. विहिरीचं पाणी आपण पितो ते ठीक, पण त्यातली नायट्रेट-फॉस्फेट टाकीत शेवाळ माजवतात.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. टाकीतलं पाणी रोज लिटर-दीड लिटर उडून जातं, मीठ मात्र आतच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची. खारं घातलं तर महिन्याभरात मिठागर.

दगडाचं पण तसंच. सड्यावरचा जांभा फुकट आहे, पण त्यात लोह फार, ते शेवाळाला खत. समुद्रातून दगड उचलून आणणं मला करायचं नव्हतं. भाजलेल्या मातीचे छिद्राळ दगड मागवले. मग पाच आठवडे टाकीत एकही मासा नाही. आत एक कोळंबीचा तुकडा टाकून ठेवला. तो कुजतो, अमोनिया होतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन माशाला विष, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू दगडाच्या छिद्रांत वस्ती करेपर्यंत घाई करून उपयोग नाही. पाच आठवडे रोज रात्री पेपरची पानं लागल्यावर घरी येऊन मी काचेच्या नळीत थेंब टाकून रंग बघत होतो. बायकोने विचारलं, "एवढं तपासून टाकीत आहे काय? एक कोळंबी, ती पण कुजकी."

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तेव्हा क्लाउनफिशची जोडी सोडली. हे मासे टाकीत पैदास केलेले आहेत, समुद्रातून पकडलेले नाहीत. क्लाउनफिशची पैदास आपल्या देशात जमलेली आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र बसवलंय, लक्षद्वीपमध्ये अगत्ती बेटावर बायका हे मासे वाढवतात. अशा माशांचा फायदा म्हणजे दुसऱ्या दिवसापासून दाणे खायला लागतात. (क्लाउनफिश सगळे नर म्हणून जन्मतात, जोडीतला मोठा नंतर मादी होतो. घरात यावर दोन दिवस चर्चा झाली.)

आता कोरल.

टाकी तयार झाल्याचं कळल्यावर एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याचा व्हॉट्सॅपवर मेसेज आला. बारा-पंधरा फोटो, हिरवं, जांभळं, केशरी. एकेक तुकडा दोन-तीन हजारांना, कुरियरने, पिशवीत पाणी आणि ऑक्सिजन भरून. फोटोतले निम्मे तर सरळसरळ कठीण कोरल होते, म्हणजे ज्यांचा चुन्याचा सांगाडा असतो ते. मी विचारलं, हे तर वन्यजीव कायद्यात येतं ना? उत्तर आलं, "सर, सब रखते हैं. और ये इंडोनेशिया का है, इंडिया का नहीं." म्हटलं, मग आयातीचे कागद पाठव. निळ्या टिका आल्या. उत्तर आजतागायत नाही.

कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 2001 मध्ये त्याच्या पहिल्या परिशिष्टात कठीण कोरल आणले गेले, सगळे, जातीनिहाय यादी न करता. वाघ ज्या परिशिष्टात, त्याच. समुद्रघोडेही तिथेच. या परिशिष्टातल्या प्राण्यासाठी गुन्हा शाबित झाला तर किमान तीन वर्षं कैद. आणि जिवंत असायलाच हवं असं नाही. आपल्याकडे कितीतरी घरांच्या शोकेसमध्ये शंखांच्या शेजारी पांढरं कोरल असतं, "मालवणला गेलो तेव्हा मिळालं" म्हणून. तेही यातच आलं.

कायदा जरा आडदांड आहे, हे मला मान्य आहे. परदेशात हौशी लोक एका कोरलचे तुकडे करून वाढवतात, एकमेकांना देतात, समुद्राला हात लागत नाही. पण तुकडा काचेत आला की तो टाकीत वाढलेला की परवा दगडावरून छिन्नीने काढलेला, हे बघून कळत नाही. विकणारा कागद दाखवत नाही तोवर मी दुसरंच गृहीत धरणार. मुंबईत 2020 मध्ये कोस्टल रोडच्या आड हाजीअली-वरळीला थोडं कोरल आलं, तर ते हलवायला वनखात्याची परवानगी काढावी लागली. आणि इथे कुरियर चालू आहे.

बरं, आणलं असतं तर जगवणं सोपं होतं का? कोरलच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, बरंचसं अन्न तेच बनवून देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की ते शेवाळ बाहेर पडतं आणि कोरल पांढरं होतं. माझ्या टाकीत आता 26 अंश आहे, जानेवारी आहे म्हणून. मे महिन्यात पडवीत 33 होणार. पाण्यावर पंखा लावला की कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात, आपल्या दमट हवेत तेवढं नाही. चिलर घ्यायचा तर टाकीपेक्षा महाग. त्यात पावसाळ्यात लाईट जाते ती जातेच. म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप कायम चार्ज करून ठेवलाय, दोन माशांसाठी.

दोन महिने हे सगळं 160 लिटरसाठी करतोय, म्हणून समुद्राकडे बघणं थोडं बदललंय. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, सुमारे 29 चौरस किलोमीटर. इथलं कोरल अंदमानसारखं झगमगीत नाही. गढूळ पाण्यात, पावसाळ्याचं गोडं पाणी सोसत तग धरणारं आहे. चिवट आहे, पण उष्णता त्यालाही सोसत नाही. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010, 2016 आणि परत 2024 मध्ये कोरल पांढरं पडलं. मधली वर्षं मोजा.

तापमानाचं आपण इथे बसून फार काही करू शकत नाही. पण स्नॉर्केलिंगला आलेला पाहुणा दम लागला की सरळ कोरलवर उभा राहतो. होडी नांगर टाकते तो खाली कशावर पडतो ते कोणी बघत नाही. व्हिडिओत मासे यावेत म्हणून पाण्यात बिस्किटं आणि पाव. मी माझ्या टाकीत चिमूटभर दाणे जास्त पडले तर चमच्याने काढतो!

यावर लिहिलं की "पत्रकार पोटावर पाय आणतात" असं येणार. आणावा असं अजिबात वाटत नाही. त्या धंद्यावर शेकडो घरं आहेत, आणि कित्येक पोरं पाहुण्यांना ओरडून सांगतात, पाय टेकू नका. अभयारण्य हा शब्द काढला की आपला मच्छीमार का भडकतो, तेही मी पंचवीस वर्षं कव्हर केलंय. मासेमारी बंद होईल ही भीती त्याला उगाच वाटत नाही. पण नांगराऐवजी होडी बांधायला कायमचे बोये टाकणं, बिस्किटं बंद करणं, यात कोणाचा धंदा बुडतो? उलट कोरल गेलं तर पाहुण्याला दाखवायचं काय, दगड?

तर माझ्या टाकीत कोरल नाही आणि कठीण कोरल येणार नाही. मातीचे दगड आहेत, त्यावर सध्या तपकिरी थर आलाय. नव्या टाकीत तो येतोच, काही आठवड्यांत जातो. कोणाला टाकी बसवायची असेल तर पाणी, मीठ, दगड याबद्दल खुशाल विचारा, वेळ मिळेल तसं सांगेन. कोरलचा नंबर मागू नका.

सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. गेल्या पाच वर्षांत जिल्ह्यात कोरल आणि समुद्रघोडे बाळगल्याचे, विकल्याचे किती गुन्हे नोंदले, किती माल जप्त झाला, आणि अभयारण्यात होड्या बांधायला किती बोये आहेत. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो.