साडेतीन मुहूर्त

घर बांधायला मुहूर्त लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. घर पाडायलाही तो लागतो आणि सहजासहजी सापडत नाही, हे मला वरणगावच्या आमच्या घराने शिकवले.

घर जुने आहे. मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, वर मातीचे धाबे, मागे अंगणात निंब आणि परसात विहीर. खानदेशच्या उन्हाळ्यात असल्या घरासारखे सुख नाही आणि पावसाळ्यात असल्या घरासारखी कटकट नाही. धाब्यावर कितीही माती टाका, मृगाच्या पहिल्या सरीला एखादा कोपरा गळतोच. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. आम्ही तिघे भाऊ तीन शहरांत. रात्री-अपरात्री तिला काही झाले तर, या प्रश्नाने आमची झोप उडाली. आणि अखेर ठराव झाला की, निंब काढायचा, घर पाडायचे आणि त्या जागी स्लॅबचे नवे घर उभे करायचे. आईने विरोध केला नाही. एवढेच म्हणाली, "चांगला दिवस बघून करा."

साडेतीन मुहूर्तांना पंचांग पाहावे लागत नाही. म्हणून थोरल्या भावाने चैत्रातला पाडवा धरला. गवंडीही ठरला. तर आई म्हणते, "आता नको रे भाऊ. घरात बाळंतीण आहे." आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. बाळंतीण म्हणजे माजघरातल्या तुळईच्या खोबणीतली चिमणी! तिची पिले अजून उघडी होती. पंधरा दिवसांत ती उडाली, पण तोवर पाडवा मागे पडला होता.

मग अखाजी ठरली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे अखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. झोके उतरले की निंबावर कुऱ्हाड चालवायची, असा बेत होता. पण त्या साली धाब्यावर टिटवीने चार अंडी घातली. घरटे कसले, मातीवर चार खडे गोळा केलेले! भुसावळ-जळगावकडचा पारा त्या दिवसांत ४५ अंशांच्याही वर चढतो. अशा उन्हात टिटवीचे काम अंडी उबवण्यापेक्षा ती निववण्याचेच अधिक. ती विहिरीजवळच्या डोणीत उतरे, पोटाखालची पिसे भिजवी आणि ओल्या पोटाने अंड्यांवर जाऊन बसे. आई दुपारी पदर डोक्यावर घेऊन डोणीत दोन बादल्या पाणी ओतून येई. टिटवीने उंचावर अंडी घातली म्हणजे पाऊस भरपूर, असे आमच्याकडचे शेतकरी मानतात. या भाकितावर माझा विश्वास नाही. पण त्या ओल्या पोटावर कसा नाही ठेवणार?

जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागला, लाल मखमली किडे जमिनीवर हिंडू लागले आणि पावशा 'पेरते व्हा' म्हणून बजावू लागला. हा पावशा स्वतः उभ्या जन्मात घर बांधीत नाही. अंडी सातभाईच्या घरट्यात टाकून मोकळा होतो! आमच्या बेताशी त्याला काही कर्तव्य नव्हते. पण विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरण पक्ष्यांचे खोपे लोंबू लागले. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) याच पाखराचे कौतुक मराठी घरांत पोचवले. खोपा विणतो मात्र नर. अर्धा झाला की मादी तो पारखायला येते आणि नापसंत पडला तर तो तसाच राहतो. मी हे आईला सांगितले. ती म्हणाली, "तरीच! बाप्यांचं काम, म्हणून अर्धवट सोडतात." खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेला असतात, म्हणजे नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्याकडे त्यांची पाठ असते. आमच्या धाब्याचा गळका कोपरा नेमका नैर्ऋत्येचा आहे.

दसऱ्याला सुगरणी गेल्या, तर रिकाम्या खोप्यांत मुनियांनी बिऱ्हाड थाटले. अंगणात शेपटी हलवीत धोबी पक्षी आला. तो हिवाळ्याचा पाहुणा. पाहुणा आल्यावर घर पाडतात का, असा आईचा सवाल!

धाकटा भाऊ चिडला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तो म्हणाला, "गाव बदलतेच. १९६४ साली दारूगोळ्याचा कारखाना आला, १९८२ साली तापीवर हतनूरचे धरण झाले. ते झाले म्हणूनच थंडीत तिथे चक्रवाक उतरतात ना? मग आपण स्लॅब घातल्याने काय बिघडणार आहे?" उत्तर सोपे नव्हते. धरणाने पाखरांना पाणी दिले, एक नवी जागा दिली. गुळगुळीत भिंती आणि बंद खिडक्यांचे घर त्यांना काय देईल?

आई एकटी राहते असे आम्ही म्हणतो, तेव्हा आम्ही फक्त माणसे मोजतो. तिची मोजदाद निराळी आहे. कोण बाळंत झाले, कोण उडून गेले, कोणाला यंदा उशीर झाला, या चिंतांत तिचे वर्ष भरलेले असते. शहरात आमच्याकडे आली की चार दिवसांत ती विचारू लागते, "आज वारा कुठला आहे?" आमच्या तिसऱ्या मजल्यावर ते कोणालाच सांगता येत नाही. पण हेही खरे की, निंबाच्या ढोलीतला पिंगळा मध्यरात्री कितीही ओरडला, तरी डॉक्टरला बोलावून आणीत नाही.

उरला बलिप्रतिपदेचा अर्धा मुहूर्त. अर्ध्या मुहूर्तावर अर्धेच काम करायचे, अशी तोड शेवटी निघाली. पुढच्या दोन खोल्या पाडून तिथे स्लॅब, आत न्हाणीघर, उशाशी टेलिफोन, आणि रात्री सोबतीला शेजारची एक बाई. माजघर, धाबे, विहीर आणि निंब आहेत तसेच राहतील. आईने सगळे मान्य केले, फक्त नव्या भिंतीत वरच्या बाजूला तीन विटांची जागा रिकामी ठेवायला सांगितली. गवंड्याला वाटले, रोशनदान हवे असेल. तो म्हणाला, "जाळी बसवून देतो."

"जाळी बसवलीस," आई म्हणाली, "तर त्या आत कशा येतील?"