कमी गुण लपवावेत का?

कृष्णेला पाणी चढतं, नरसोबाच्या वाडीत दत्तमंदिरातून पाणी वाहण्याच्या, म्हणजे दक्षिणद्वाराच्या सोहळ्याची वाट पाहिली जाते, त्याच सुमारास घरोघरी इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप फेऱ्यांची धाकधूक असते. सीईटीत बरे पर्सेंटाइल, जेईई मेनमध्ये कमी. मग मोबाइलवरच्या अर्जात जेईईचा रकाना भरायचा की कोरा ठेवायचा? मला वाटतं, भरावा. राज्याची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते. जेईईचा आधार अखिल भारतीय जागांना, त्या साधारण १५ टक्के. याद्या वेगळ्या, म्हणून एकीतला कमी आकडा दुसरीतला क्रमांक खाली ओढत नाही.

‘कॉलेजवर वाईट छाप पडेल,’ असं पालक म्हणतात. ही भीती अमेरिकेत रास्त आहे. तिथे एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षेचे १ ते ५ मधले गुण प्रवेश अधिकारी अर्जासोबत वाचतो, आणि बहुतेक ठिकाणी ते कळवणं ऐच्छिक असतं. तिथे २ गुण न कळवण्यात शहाणपण आहे. इथे जागावाटप संगणक करतो, क्रमांक आणि पसंतीक्रम पाहून. त्याच्यावर कसली छाप पडणार? जागरण करायचंच तर पसंतीक्रमासाठी करावं. सांगली आधी की पुणे, हे तिथेच ठरतं. तरीही पोरांना तो आकडा झाकावासा वाटतो, तो शेजारीपाजारी विचारतात म्हणून.