झिजलेला आकडा : भिवंडीतील एका वारसाहक्काच्या पिस्तुलाविषयी

शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या आठव्या कलमानुसार अग्निशस्त्रावर ठोकलेले नाव, क्रमांक किंवा ओळखीची अन्य खूण पुसण्यास, काढण्यास अथवा बदलण्यास मनाई आहे. आणि अशी खूण नाहीशी झालेले शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ती नाहीशी केली, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. गावठी कट्ट्यांचा आणि चोरीच्या शस्त्रांचा माग लागावा म्हणून अशी तरतूद हवी, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु रीतसर परवाना असलेले, वडिलांकडून आलेले पिस्तूल नव्या झिलईसाठी परवानाधारक कारागिराच्याच हाती सोपवले आणि त्याच्या बफिंगच्या चाकाखाली क्रमांकातला एक आकडा झिजला, तर हेच गृहीतक निरपराध माणसाच्या मानगुटीवर बसते. प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत हे घडले असून त्याविषयीची चीड अजून शमलेली नाही.

हे पिस्तूल म्हणजे अमेरिकेतील हार्टफर्ड येथील कोल्ट कंपनीचे १९०३ चे ‘पॉकेट हॅमरलेस’. त्याची रचना जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी केली आणि १९०३ ते १९४५ या काळात त्याचे साडेपाच लाखांहून अधिक नग तयार झाले. ते अर्धस्वयंचलित आहे, म्हणजे चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते, मात्र रिकामे कवच बाहेर फेकणे, हॅमर पुन्हा चढवणे आणि मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत सारणे ही कामे यंत्रणा आपोआप करते. .३२ बोअरचे काडतूस तुलनेने सौम्य असल्यामुळे नळी आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, यांना एकमेकांत अडकवणारी जोडणी येथे नाही. मागे येणारा धक्का स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग या दोहोंवरच पेलला जातो. हॅमर बाहेर दिसत नाही, तो स्लाइडच्या आत झाकलेला असतो, त्यामुळे खिशातून काढताना पिस्तूल कापडात अडकत नाही. आणि मुठीच्या मागच्या अंगाची पट्टी तळहाताने दाबली गेल्याखेरीज गोळी सुटत नाही. एवढी नेटकी, एवढी सपाट आणि हातात इतकी चपखल बसणारी वस्तू यंत्रयुगाने फार थोडी घडवली आहे, असे या लेखकाचे मत आहे.

भारतात अशा पिस्तुलाला असलेले मोल कायद्यातून आलेले आहे. लष्करी ९ मिलिमीटरचे काडतूस ज्यात बसते ते पिस्तूल प्रतिबंधित गटात मोडते, तर .३२ बोअरचे पिस्तूल सामान्य परवान्यावर बाळगता येते. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची व्यापारी आयात बंद असल्याने देशात जी जुनी शस्त्रे आहेत तीच हस्तांतरित होत राहतात आणि त्यांची किंमत लाखांत जाते. येथील पिस्तूल लेखकाच्या वडिलांनी यंत्रमागाच्या कारखान्यातील पगाराची रोकड ने-आण करण्याच्या काळात घेतले होते. त्यांच्या निधनानंतर शस्त्र नियम, २०१६ मधील पंचविसाव्या नियमानुसार, जो कौटुंबिक वारशाच्या शस्त्राचा परवाना कायदेशीर वारसाला देण्याविषयी आहे, अर्ज झाला, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडले गेले, पोलीस पडताळणी झाली आणि परवाना मिळाला. भिवंडी शहर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते आणि तालुक्याचा उरलेला ग्रामीण भाग जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत, त्यामुळे पत्ता कोणत्या हद्दीत पडतो यावरच कागद कोणत्या टेबलावर जाणार हे ठरते.

काही पाश्चात्त्य देशांत जुन्या पिस्तुलाचा मालक त्यावर नेम धरायची नवी माशी बसवतो, नळी बदलतो, चापाचे वजन हलके करून घेतो. भारतात पाचव्या कलमाखाली शस्त्राची दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणी यांचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, आणि सहाव्या कलमाखाली नळी आखूड करण्यास किंवा शस्त्राचा प्रकार बदलण्यास स्वतंत्र परवाना लागतो. भिवंडीत या बंधनाची धार विशेष जाणवते. या गावात मागाचे सुटे भाग करणारे लेथ गल्लोगल्ली आहेत. तुटलेले दातेरी चाक नुसते हातात घेऊन संध्याकाळपर्यंत तंतोतंत दुसरे उतरवून देणारे मिस्त्री आहेत. मागाचा नुसता आवाज ऐकून कोणती स्प्रिंग ढिली झाली हे सांगणारे जॉबर आहेत. यांपैकी कोणीही या कोल्टची थकलेली रिकॉइल स्प्रिंग सहज करून देऊ शकेल, पण त्याने तिला हात लावला तर तो आणि मालक असे दोघेही गुन्हेगार ठरतील. तेव्हा हौस भागवायला मालकाच्या हाती उरतात त्या दोनच गोष्टी : मुठीवरच्या पट्ट्या आणि पोलादावरची झिलई.

पट्ट्या शिसवीच्या करून घेतल्या, त्या उत्तम झाल्या. झिलईचे मात्र वाटोळे झाले. मूळ झिलई निळसर काळी असते आणि तिला ब्लूइंग म्हणतात. तो रंगाचा थर नसून पोलादाच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रियेने मुद्दाम आणलेला लोहाच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, आणि त्यावर तेलाचा हात फिरत राहिला तरच तो गंज थोपवतो. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत हे तेलपाणी आठवड्याला करावे लागते. त्यातच निवडणूक लागली की शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर शस्त्रे सरसकट जमा न करता कोणाची जमा करायची ते छाननी समितीने प्रकरणपरत्वे ठरवावे असे झाले, तरी २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका आल्या तेव्हा जुन्या शस्त्रांच्या मालकांना पहिली काळजी गंजाचीच होती. लेखकाच्या पिस्तुलावर अशाच एका मुक्कामानंतर स्लाइडच्या कडेला तांबूस ठिपके उमटले आणि ते फेरब्लूइंगसाठी एका परवानाधारक कारागिराकडे देण्यात आले.

फेरब्लूइंगचे निम्म्याहून अधिक काम रसायनात बुडवण्याआधीच होते. पृष्ठभाग पॉलिश कागदाने, कागदाखाली सपाट ठोकळा धरून, हाताने आणि एकाच दिशेने घासावा लागतो, म्हणजे सपाट बाजू सपाट आणि कडा धारदार राहतात. अक्षरांच्या आणि क्रमांकाच्या आसपास तर जवळजवळ हात लावूच नये. यात वेळ जातो. त्या कारागिराने पिस्तूल बफिंगच्या कापडी चाकावर धरले. मऊ चाक खोलगट जागी शिरते आणि उंचवटे खाते, त्यामुळे स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खचल्या, स्लाइडची सरळ रेघ लाटेसारखी झाली, कंपनीचे नाव कोरलेल्या ओळीतील अक्षरांची टोके विरली आणि पुढचे पाय उचललेल्या घोड्याच्या चिन्हाचे पाय दिसेनासे झाले. सर्वांत वाईट म्हणजे फ्रेमच्या डाव्या बाजूवरील क्रमांकातला एक आकडा असा झिजला की तो तीन आहे की आठ हे बॅटरीचा झोत तिरपा पाडून, भिंगातून पाहिल्याशिवाय सांगता येईना. पिस्तूल परत देताना कारागीर अभिमानाने म्हणाला, “बघा, कसं नव्यासारखं चमकतंय!” ते चमकत होते, यात शंका नाही. पावतीवर मात्र ‘पॉलिश’ एवढा एकच शब्द होता, शस्त्राचा क्रमांक नव्हता.

पुढे नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र दाखवायला नेले असता तपासणाऱ्या कर्मचाऱ्याने परवान्यातील क्रमांक आणि फ्रेमवरचा क्रमांक जुळवून पाहिला आणि शस्त्र बाजूला ठेवले. त्याने आपले काम केले. त्याच्याविषयी तक्रार नाही. पण त्या क्षणापासून सिद्ध करण्याचा सगळा भार मालकावर आला. ज्याच्या चाकाने आकडा खाल्ला त्याला कोणी जबाबदार धरले नाही, कारण त्याच्याकडे शस्त्र कोणत्या अवस्थेत आले आणि कोणत्या अवस्थेत गेले याची नोंदच नव्हती, आणि क्रमांक आधीपासूनच तसा होता असे सांगून तो मोकळा झाला. हा अन्याय साधा नाही. नुकसान ज्याने केले त्याने पैसे घेतले, नुकसान ज्याचे झाले त्याने पैसे दिले, आणि संशयितही तोच ठरला. अखेर वडिलांचे जुने परवाना-पुस्तक उपयोगी पडले, कारण त्यात प्रत्येक नूतनीकरणाला तोच क्रमांक निरनिराळ्या हस्ताक्षरांत उतरवलेला होता. तो शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदीत मालकाच्या विशिष्ट ओळख क्रमांकाखाली असलेल्या शस्त्राच्या नोंदीशी जुळला आणि शस्त्र परत मिळाले. ते पुस्तक जुने म्हणून टाकून दिले असते तर काय झाले असते, याचा विचारही नकोसा वाटतो.

म्हणून ज्यांच्या घरी जुने शस्त्र आहे त्यांनी ते दुरुस्तीला देण्याआधी क्रमांकाचे आणि सर्व खुणांचे तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे, पावतीवर क्रमांक लिहून घेतल्याशिवाय शस्त्र हातातून सोडू नये, आणि हाताने घासणार की चाकावर, हे आधी विचारावे. कारागिराने जमाखर्चाइतकीच काटेकोर अवस्थानोंद ठेवावी असा नियम झाला पाहिजे. विक्रेत्याच्या नोंदवहीची तपासणी होते, मग झिलईवाल्याची का नको?

तरीही कायदा सैल व्हावा असे म्हणणे भिवंडीत राहून कठीण जाते. मे १९७० आणि मे १९८४ च्या दंगली या गावाने पाहिल्या आहेत. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या, हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांची माणसे एका सतरंजीवर बसवली, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या शांततेत घराघरांतल्या पिस्तुलांचा काहीएक वाटा नव्हता. अलीकडे गोदामांच्या आणि जमिनीच्या पैशाबरोबर कमरेला पिस्तूल लावण्याची हौसही आली आहे, आणि हळदी-लग्नात हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने करावी लागली. अशा ठिकाणी आठव्या कलमातील गृहीतक कडक आहे हेच बरे, असे लेखकाला आज वाटते, जरी त्याच गृहीतकाने त्याला छळले.

आता प्रश्न आहे तो पुढच्या झिलईचा. हाताने घासून जुन्या पद्धतीचे ब्लूइंग करणारा दुसरा कारागीर सांगतो की लाटा काढायच्या तर पोलादाचा आणखी थर जाईल, आणि आकड्याजवळ तसे करण्याची त्याची तयारी नाही. न घासता नुसते ब्लूइंग केले तर लाटा तशाच राहतील. त्याचे म्हणणे योग्य आहे. खंडेनवमीच्या पूजेला पिस्तूल बाहेर निघते तेव्हा घरातली मुले त्याच्या चकाकीचे कौतुक करतात, आणि मूळ मंद निळा रंग त्यांनी कधी पाहिलेलाच नसल्याने त्यांना काय गेले ते समजावून सांगणे शक्य होत नाही. पहिल्या कारागिराकडून आकडा त्याच्या चाकावर झिजल्याचे लेखी मागितले आहे, ते त्याने अद्याप दिलेले नाही.