काळविटाच्या ताटातलं तण

उसाची भांगलण आठ दिवस लांबली तर पंढरपूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची झोप उडते. कुरणातल्या तणापायी कुणाची झोप उडत नाही. काळवीट तक्रार करत नाही. माळावर खायला उरलं नाही की तो रात्री ज्वारीत आणि हरभऱ्यात शिरतो. मग तक्रार शेतकरी करतो, आणि चर्चा कुंपणाची व नुकसानभरपाईची होते. माळावर काय उगवलंय, हे बघायला फारसं कुणी जात नाही. मी कृषिविद्या शिकलो, तण ओळखायला भीमाकाठच्या रानात शिकलो आणि त्याच ओढीने पुढे माळरानावर गेलो. त्यामुळे हे बघणं माझ्याकडे आलं.

आमच्या जिल्ह्यातलं ठळक उदाहरण नान्नजचं. 1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होतं, नंतर ते 1,222 वर आलं. प्रत्यक्षातलं गवत मात्र शेतांच्या मधे विखुरलेल्या वनविभागाच्या तुकड्यांवर. पवना, मारवेल, डोंगरी ही तिथली खाण्याजोगी गवतं. कुसळी कोवळी असेपर्यंत चालते, पिकली की तिची कुसळं तोंडाला टोचतात. माळढोक आता दिसेनासा झाला आहे, पण काळविटांचे कळप आहेत, लांडगे आहेत, आणि दोघांचंही पोट शेवटी याच गवतावर.

गंमत अशी, की या माळावरची बरीचशी तणं चांगल्या हेतूने आणलेली आहेत. गाजर गवत तेवढं न बोलावता आलं. 1950 च्या दशकात ते पुण्यात नोंदलं गेलं आणि तिथून सगळीकडे पसरलं. त्याला दाबायला टाकळ्याच्या जातीचं परदेशी झुडूप, कॅसिया युनिफ्लोरा, लावायची शिफारस झाली. त्याने गाजर गवत दाबलं खरं, आणि मग तीच जागा स्वतः बळकावली. माळ म्हणजे पडीक जमीन, ती हिरवी केली पाहिजे, या समजुतीने गिरीपुष्पाची लागवड झाली. वेडी बाभूळही अशीच आली. तिच्या शेंगा शेळ्या आवडीने खातात आणि लेंडीतून बी पुढच्या माळावर टाकतात.

माझा खरा राग खणण्यावर आहे. मुरमाड माळावर सलग चर मारले, खड्डे काढले, की जुन्या गवताचे ठोंब उखडतात आणि मोकळ्या मातीवर पहिल्या पावसात तण येतं. गवताला ठोंब धरायला दोन-तीन वर्षं लागतात, गाजर गवत महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. ही शर्यत गवत हरणारच. डोंगरउतारावर चर हवेत, याबद्दल वाद नाही. पण धड गवत असलेल्या सपाट माळावर जलसंधारणाच्या नावाखाली यंत्र फिरवू नये.

तण काढायचा काळ आमच्या वारीच्या हिशेबात सांगतो. आषाढीच्या सुमाराला रोपं चार-सहा पानांवर असतात आणि जमिनीला वाफसा असतो. तेव्हापासून नारळी पौर्णिमेपर्यंत ती मुळासकट हातात येतात. नुसती कापली तर बुडातून पुन्हा फुटतात. आमच्याकडे सप्टेंबरचा पाऊस मोठा, त्यावर दुसरी उगवण होते, म्हणून भाद्रपदात आणखी एक फेरी. कार्तिकीला उपटायला जाणारा माणूस बी झाडायचं काम फुकटात करत असतो. अडचण अशी, की याच दिवसांत भांगलणीच्या बायकांना शेतावरून सवड नसते, आणि कामाचा पैसा पुष्कळदा मार्चअखेरीस हाती पडतो. तेव्हा माळावर वाळकी काटकं असतात. गाजर गवताच्या परागांनी अंगाला खाज सुटते, दम लागतो. हातमोजे आणि तोंडाला फडकं द्यायलाच हवं.

तणनाशक का मारत नाही, असं विचारतात. ग्लायफोसेट गवतालाही मारतं. टू-फोर-डी गवताला सोडून रुंद पानांचं तण जाळतं, पण त्यात शेवरा, रानमूग, केनाही जातात. ही चरणाऱ्या जनावरांची आवडती पाला-वेल. त्यांच्यावरचे नाकतोडे आणि किडे गेले की जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं उपाशी. उसात जे चालतं ते इथे चालत नाही. 1980 च्या दशकात भारतात आणलेले मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात गाजर गवताची पानं फस्त करतात. त्यांचा उपयोग आहे, पण त्यांच्या भरवशावर कुरण सोडता येत नाही.

तण काढल्यावर तिथे गवत आणावं लागतं. मेळघाट आणि ताडोब्यात गावं उठून गेली तिथल्या जुन्या शेतांवर कुरणं तयार झाली आहेत. या कामात अमरावतीकडचे गवततज्ज्ञ डॉ. गजानन मुरतकर यांचा वाटा मोठा. रीत तीच : फुलण्याआधी तण उपटा, स्थानिक गवताचं बी आणि ठोंब लावा, आणि हे वर्षांमागून वर्षं करा. पहिल्या वर्षी रान विद्रूपच दिसतं. तपासणीला येणाऱ्याने ते बघून शेरा मारू नये.

पवना आणि मारवेल बी धरून उभे असतील तेव्हा एवढं करा. बांधावर ही गवतं असतील तर बी गळून पडेपर्यंत कापू नका, पेटवू तर मुळीच नका. थोडं बी ओरबाडून कापडी पिशवीत कोरड्या जागी ठेवा आणि पुढच्या मृगात तण काढलेल्या जागेवर फेका.