फुटलेलं शेततळं आणि लँकेशायरचा निवाडा

धाडच्या पुढे भोकरदनच्या रस्त्याला लागलं की विदर्भ संपतो आणि मराठवाडा सुरू होतो. शिवाराला शिवार लागलेलं, सोयरिकी दोन्हीकडे. हायकोर्ट मात्र वेगळं. भोकरदनचं अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातं. धाडकराला तेच शहर कितीतरी जवळ असूनही नागपूर गाठावं लागतं. याचं मूळ १८५३ च्या तहात आहे. फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने आमचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. कागदोपत्री मुलूख परका, म्हणून इंग्रज आपले कायदे अधिसूचना काढून इथे लागू करत. १९०३ मध्ये प्रांत मध्य प्रांताला जोडला गेला आणि आमच्या अपिलांचं तोंड नागपूरकडे वळलं. पलीकडे १९४८ पर्यंत निजामाची कोर्टं उर्दूत चालली.

मी बुलढाण्याच्या कोर्टात वकिली करतो. अशिलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “वकीलसाहेब, कलम कोणतं लागतं?” फौजदारीत उत्तर सोपं आहे. मेकॉलेने १८३७ मध्ये मसुदा केला, १८६० मध्ये दंड संहिता झाली, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं. गंमत अशी, की आपल्याला हे पुस्तक लिहून देणाऱ्यांनी स्वतःसाठी ते लिहिलंच नाही. इंग्लंडमध्ये खून कशाला म्हणायचं याची व्याख्या आजही कुठल्या कायद्यात नाही. ती न्यायाधीशांच्या जुन्या निवाड्यांतून चालत आली आहे. तिथल्या कायद्याचा पाया हाच: आधी खटला, मग नियम.

दिवाणीत मात्र हा पाया आपल्याही पायाखाली आहे. शेजाऱ्याच्या पाण्याने पीक वाहून गेलं, तर भरपाईचं नेमकं कलम बहुधा सापडत नाही. अशा ठिकाणी न्याय, समदृष्टी आणि सदसद्विवेक यांवर निकाल द्या, असं इंग्रजांनी इथल्या कोर्टांना सांगून ठेवलं होतं. १८८७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने याचा अर्थ लावला: इंग्लिश कायद्याची तत्त्वं, पण भारतीय समाजाला आणि परिस्थितीला लागू पडतील तेवढीच. या दारातून लँकेशायरचा एक तलाव आमच्या शेततळ्यांपर्यंत आला.

रायलँड्स नावाच्या गिरणीमालकाने ठेकेदाराकडून तलाव बांधून घेतला. तळाशी खाणीची जुनी बुजलेली विवरं निघाली, ठेकेदाराने ती नीट बंद केली नाहीत. डिसेंबर १८६० मध्ये पाणी खाली फुटलं आणि शेजारी फ्लेचरच्या खाणीत शिरलं. रायलँड्सला विवरांचा पत्ताच नव्हता. तरीही १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यालाच जबाबदार धरलं. सुटलं तर नुकसान करील अशी वस्तू जमिनीचा वेगळा वापर करून कुणी साठवली, तर ती सुटल्यावर ‘माझी चूक नव्हती’ हे उत्तर चालत नाही.

मग शेततळेवाला प्रत्येक वेळी हरतो का? नाही. १८७६ च्या निकोल्स विरुद्ध मार्सलँड खटल्यात ओढा अडवून केलेली तळी फुटली, पूल वाहून गेले, पण पाऊस कुणाच्या आठवणीत नसलेला होता, म्हणून मालकीण सुटली. आमच्याकडे प्रतिवादीचा वकील ढगफुटी म्हणतो तो याच आधारावर. सरकार २४ तासांत ६५ मिलिमीटरला अतिवृष्टी मानतं. तेवढ्याने दैवी आपत्ती सिद्ध होते असं मला वाटत नाही. असा पाऊस आपल्याकडे अधूनमधून होतोच, मग तो अकल्पित कसा?

अशी रस्सीखेच वस्तुस्थितीवरच होते. जुन्या निवाड्यात ज्या कारणावर निकाल उभा आहे, तेवढीच बाब पुढच्या खटल्याला लागते. न्यायाधीश जाता जाता जे बोलले ते बंधनकारक नसतं. विलायती निवाडे तर आता कोणालाच बांधत नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे बांधतो तो सर्वोच्च न्यायालयाचा शब्द. त्याच न्यायालयाने १९८६ मध्ये दिल्लीच्या वायुगळतीच्या खटल्यात रायलँड्सचा नियम तोकडा ठरवला: धोकादायक कारखान्याला कोणताही अपवाद नाही. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती भगवतींचं हे पाऊल मला गुरूच्या पुढे गेलेल्या शिष्याचं वाटतं. शेततळं मात्र त्या नियमात बसत नाही.

इंग्रजी न्यायपद्धतीतली ज्युरी मात्र आपण सोडली, त्याचं मला दुःख नाही. १९०८ मध्ये टिळकांना मुंबईत नऊ जणांच्या ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं. १९१९ मध्ये चिरोल या इंग्रज पत्रकारावरचा अब्रुनुकसानीचा दावाही ते लंडनच्या ज्युरीपुढे हरले आणि खर्चही अंगावर पडला.

तेव्हा शेजाऱ्याचं तळं तुमच्या कपाशीत फुटलं, तर कलम शोधत बसू नका. त्याच दिवशी तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या, फुटलेल्या भरावाचे तारखेसह फोटो काढा, तळं कुणी खोदलं त्याचं नाव लिहून ठेवा आणि आपल्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची त्या दिवसाची नोंद काढा. निवाडे शोधणं वकिलाचं काम आहे. एवढे कागद तुम्ही आणा.